मेरिट-प्ताह नव्हतीच. मग?

दर आठ मार्चला कर्तबगार स्त्रियांच्या ज्या याद्या फिरतात, त्यांत एक नाव हमखास असतं. मेरिट-प्ताह. इसवी सनापूर्वी २७०० च्या सुमाराची इजिप्तची राजवैद्या, जगातली पहिली स्त्री डॉक्टर, विज्ञानाच्या इतिहासात नावानिशी ठाऊक असलेली पहिली स्त्री. २०१९ च्या अखेरीस कोलोरॅडो विद्यापीठातल्या याकूब क्वेचिन्स्की या संशोधकाने एका निबंधात दाखवून दिलं, की अशी वैद्या कधी झालीच नाही. प्राचीन इजिप्तच्या वैद्यांच्या ज्या याद्या अभ्यासकांनी शिलालेख तपासून तयार केल्या आहेत, त्यांत तिचा पत्ता नाही. हे नाव वैद्यकाच्या इतिहासात शिरलं १९३८ साली, केट कॅम्पबेल हर्ड-मीड या अमेरिकन डॉक्टरबाईंच्या पुस्तकातून. निबंधाची बातमी झाली आणि ठरल्याप्रमाणे दोन तट पडले. एक म्हणतो, बघा, बायकांचा म्हणून जो इतिहास सांगतात तो असा रचलेला असतो. दुसरा म्हणतो, एका नावाचा घोळ झाला तर एवढा गहजब कशाला, मूळ मुद्दा तर खरा आहे ना?

माझ्या मते हा वाद दोन्हीकडून वाईट रीतीने लढला जातो आहे. हर्ड-मीडबाईंची चूक किरकोळ नव्हती आणि ती झाकू नये. ज्यांना त्यांच्याबद्दल आस्था आहे त्यांनी तर मुळीच झाकू नये. पण त्या चुकीवरून त्यांचं सगळं काम मोडीत काढणारेही तीच चूक करताहेत, जी बाईंनी केली. दोघांनाही 'पहिली' हवी आहे. एकाला ती मखरात बसवायला हवी, दुसऱ्याला मखर रिकामं आहे म्हणून टाळ्या पिटायला हवी. हर्ड-मीड यांच्या अभ्यासाचा खरा निष्कर्ष मात्र या दोघांच्याही सोयीचा नाही. वैद्यकात बायका एकोणिसाव्या शतकात पहिल्यांदा आल्या हेच मुळात खोटं आहे. त्या होत्याच, त्यांना बाहेर काढलं गेलं, आणि मग परत येताना त्यांच्या गळ्यात 'पहिली'ची पाटी अडकवण्यात आली. पंगतीतून उठवलेल्या माणसाला दोन तासांनी पुन्हा आत घ्यायचं आणि आजचा पहिला पाहुणा म्हणून त्याला हार घालायचा, अशातला हा प्रकार.

या बाई होत्या कोण? केट हर्ड यांचा जन्म १८६७ सालचा, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात. त्या वाढल्या मात्र अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या न्यूबरीपोर्टला. वडील डॉक्टर. १८८८ साली त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातून एम.डी. झाल्या. आपल्या आनंदीबाई जोशी दोनच वर्षं आधी, १८८६ च्या मार्चमध्ये, तिथूनच एम.डी. होऊन बाहेर पडल्या होत्या. हर्ड यांनी बॉस्टनला स्त्रिया आणि मुलांच्या इस्पितळात उमेदवारी केली, पुढचं शिक्षण युरोपात घेतलं आणि १८९० मध्ये बॉल्टिमोरच्या ब्रिन मॉर या मुलींच्या शाळेत वैद्यकीय प्रमुख म्हणून काम धरलं. पुढच्याच वर्षी ॲलिस हॉल या सहकारी डॉक्टरबाईंबरोबर त्यांनी कष्टकरी बायका-मुलींसाठी संध्याकाळचा दवाखाना काढला. दिवसभर कामावर उभ्या असलेल्या बाईला सकाळी दहाला उघडणाऱ्या दवाखान्याचा उपयोग काय, हे कळायला मोठ्या सिद्धान्ताची गरज नसते, पण कोणाला तरी ते सुचावं लागतं. त्याच बॉल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात विल्यम ऑस्लर वगैरे मंडळींनी वैद्यकाच्या इतिहासाचं एक मंडळ सुरू केलं होतं. तिथे या तरुण डॉक्टरबाईंना इतिहासाचा नाद लागला. लग्नानंतर, १८९३ पासून, त्या कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनला राहिल्या, तिथल्या इस्पितळात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून त्यांनी काम केलं आणि १९२५ साली निवृत्त झाल्यावर लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसल्या. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, यात्रा करतात. यांनी जगभर फिरून बायकांच्या वैद्यकीचे पुरावे गोळा केले. पुस्तक निघालं तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, १ जानेवारी १९४१ ला, त्या वारल्या. पुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्याशी थांबतं. पुढचा भाग त्यांच्या हयातीत छापून आला नाही.

त्यांनी हे ज्या काळात लिहिलं तोही लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेत स्त्री डॉक्टरांचं प्रमाण तेव्हा वाढत नव्हतं, घसरत होतं. केवळ बायकांसाठी असलेली वैद्यकीय कॉलेजं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून एकेक करून बंद पडली किंवा पुरुषांच्या कॉलेजांत विलीन झाली. हर्ड आणि आनंदीबाईंचं ते फिलाडेल्फियाचं कॉलेज तेवढं टिकून राहिलं. सहशिक्षणाच्या कॉलेजांत मुलींसाठी मोजक्या जागा, आणि पदवी मिळाली तरी उमेदवारीसाठी इस्पितळ मिळेना. तिकडे प्रतिवाद ठरलेला असे: वैद्यक हा मुळात पुरुषांचा व्यवसाय, बायकांनी त्यात शिरणं ही अलीकडची टूम. या टूमेला उत्तर म्हणून बाईंनी चार हजार वर्षं उभी केली.

विरोधकांचा सगळ्यात जोरकस मुद्दा इथेच आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जो आधी निष्कर्ष ठरवतो आणि मग पुरावे गोळा करायला निघतो, त्याला हवं ते सापडतं. हर्ड-मीड यांना सापडलं. त्यांनी लिहिलं की मेरिट-प्ताहचं चित्र व्हॅली ऑफ द किंग्जमधल्या एका थडग्यात आहे आणि तिच्या पुजारी मुलाने तिला मुख्य वैद्य म्हटलं आहे. आता व्हॅली ऑफ द किंग्जमध्ये राजांना पुरायला सुरुवात झाली ती इसवी सनापूर्वी सोळाव्या शतकात. म्हणजे बाईंनी दिलेल्या काळानंतर हजाराहून अधिक वर्षांनी. इजिप्तच्या इतिहासाची जुजबी ओळख असलेल्या वाचकालाही इथे ठेच लागायला हवी होती. ती लेखिकेला लागली नाही आणि त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत तिची ओळ उतरवून घेणाऱ्या शेकडो जणांनाही लागली नाही. शुक्र ग्रहावरच्या विवरांना नामवंत स्त्रियांची नावं देतात. तिथे एका विवराला मेरिट-प्ताहचंही नाव पडलं. (त्याच ग्रहावर आनंदीबाईंच्या नावाचं जोशी विवर आहे, पंडिता रमाबाईंच्या नावाचं मेधावी आहे आणि कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावाचंही एक आहे. खऱ्या बायकांच्या शेजारी ही न झालेली बाई सुखाने नांदते आहे. नाव बदलायची मोहीम काढावी असं मला वाटत नाही. मानवजातीच्या निष्काळजीपणाचं एखादं स्मारक असू द्यावं.)

पण चूक कशाची झाली ते नीट पाहिलं तर विरोधकांच्याही पायाखालची वाळू सरकते. क्वेचिन्स्की यांनी नुसतं नाव खोडलं नाही, ते कुठून आलं याचा मागही काढला. १९२९-३० च्या सुमाराला सलीम हसन या इजिप्शियन पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात गिझा इथे अखेतहोतेप नावाच्या अधिकाऱ्याची कबर उघडी झाली. तीत पेसेशेत नावाच्या एका स्त्रीचा लेख आहे. ती बहुधा त्याची आई. काळ साधारण इसवी सनापूर्वी २४०० चा. तिच्या बिरुदांत एक आहे: स्त्रीवैद्यांवर देखरेख ठेवणारी. हर्ड-मीड यांनी वाचलं होतं ते हिच्याविषयी. नाव, काळ आणि जागा या तिन्हींची गल्लत झाली. म्हणजे कल्पित बाईच्या मागे एक खरी बाई उभी होती, आणि ती कल्पित बाईपेक्षा इतिहासाच्या दृष्टीने कितीतरी मोलाची होती. देखरेख ठेवायची तर कोणावर? तिच्या हाताखाली वैद्यकी करणाऱ्या बायका असल्याशिवाय असं पद निर्माण होईल का? पेसेशेत 'पहिली' असणं शक्यच नाही. ती एका प्रस्थापित व्यवसायातली अधिकारी आहे. बाईंना जे सिद्ध करायचं होतं, ते या एका बिरुदात लिहिलेलं होतं. त्यांच्या नजरेला मात्र राजदरबारातली एकमेव तेजस्वी वैद्या अधिक मोहक वाटली असावी. बाईंना चूक दाखवायची तर ती ही दाखवा. स्त्रियांची बाजू घेतली ही नव्हे. ती घेताना हाती आलेला सर्वांत भक्कम पुरावा सोडून सर्वांत दिखाऊ गोष्ट उचलली, ही.

आता 'एवढं काय मनावर घ्यायचं' म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांचाही एक मुद्दा वजनदार आहे. दंतकथांनी माणसं हलतात. अथेन्सच्या ॲग्नोडिसेची गोष्ट घ्या. केस कापून, पुरुषाच्या वेषात वैद्यक शिकलेली मुलगी. खटला भरला जातो, शहरातल्या बायका कोर्टात येऊन तिला सोडवतात आणि कायदा बदलतो. एकोणिसाव्या शतकात वैद्यकाची दारं ठोठावणाऱ्या इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलींना ही गोष्ट पाठ होती. तिने धीर दिला असेल, यात शंका नाही. पण ती येते हायजिनस या रोमन लेखकाच्या कथासंग्रहातून, आणि अशी बाई खरोखर झाली असं मानायला आधार नाही. अथेन्सजवळच मेनिदी इथे सापडलेला इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला एक कबरीचा दगड मात्र आहे. त्यावर फानोस्त्राते या स्त्रीचं नाव कोरलं आहे: सुईण आणि वैद्य, कोणाला दुखावलं नाही, गेली तेव्हा सगळे हळहळले. वेषांतर नाही, खटला नाही, नाट्य नाही. एक बाई उघडपणे वैद्य म्हणून जगली आणि तिच्या माणसांनी तिचा व्यवसाय दगडावर कोरून ठेवला. ॲग्नोडिसेच्या गोष्टीतून निघतं ते असं, की वैद्य व्हायचं तर बाईला पुरुष व्हावं लागतं. फानोस्त्रातेचा दगड नेमकं उलट सांगतो. मग चळवळीच्या कामाची कोण? आणि तरीही आज किती जणींनी तिचं नाव ऐकलं आहे?

खोट्या गोष्टीची दुसरी किंमत उशिरा मोजावी लागते. ती पडते तेव्हा एकटी पडत नाही, शेजारच्या खऱ्या गोष्टीला घेऊन पडते. हे आपल्याकडेही नुकतंच अनुभवून झालं आहे. २०२५ च्या जानेवारीत सावित्रीबाई फुल्यांची सहकारी म्हणून सांगितली जाणारी फातिमा शेख हे पात्रच बनावट आहे अशी आवई उठली आणि आठवडाभर सगळे तावातावाने लिहीत होते. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण इथे नसल्याने तिला जास्त कष्ट पडत असतील, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. एवढ्या एका ओळीने फातिमा नावाची सहकारी होती हे सिद्ध होतं. तिची जन्मतारीख, तिचं चित्र, तिची 'पहिली मुस्लिम शिक्षिका' ही पदवी, यांतलं काहीही त्या ओळीतून निघत नाही. हे सगळं नंतरच्यांनी प्रेमाने चढवलं, आणि नेमक्या त्या चढवलेल्या भागावर बोट ठेवून ओळीसकट तिला पुसायचा प्रयत्न झाला. ती ओळ तशीच, उघडीवाघडी, पुढे ठेवली असती तर आवई उठवणाऱ्याला धरायला काय मिळालं असतं?

चुकीला चूक म्हणायचं ठरलं की मग एकाच मापाने म्हणायला हवं. बाईंची चूक 'स्त्रीवादी इतिहासा'ची चूक ठरते. पुरुष विद्वानांची चूक ही फक्त त्या विद्वानाची चूक का राहते? सालेर्नोच्या त्रोतुलाचं प्रकरण इथे फार बोलकं आहे. इटलीतल्या या शहरात बाराव्या शतकात वैद्यक भरभराटीला आलं होतं, आणि स्त्रियांच्या आजारांवरचा एक ग्रंथ 'त्रोतुला' या नावाने पुढची चारशे वर्षं युरोपभर वापरात होता. तो त्याच नावाच्या वैद्येने लिहिला असं मानत. १५६६ साली बाझेल इथे छापलेल्या आवृत्तीच्या संपादकाने ठरवलं, की हा ग्रंथ बाईचा असूच शकत नाही. तो एका रोमन राणीच्या मुक्त केलेल्या गुलामाचा, एरॉस नावाच्या पुरुषाचा. आधार काय? नावातलं साम्य. १९२१ मध्ये लायपझिगच्या नामवंत इतिहासपीठात तयार झालेल्या प्रबंधात एका हस्तलिखितातल्या त्रोता या स्त्रीनामाचा (त्रोतुला हे त्याचंच रूप) सरळ पुल्लिंगी त्रोत्तुस करण्यात आला. १९३० साली हर्ड-मीड यांनी त्रोतुलावर लेख लिहून ठामपणे सांगितलं की ती स्त्री होती, सालेर्नोत शिकवत होती, ग्रंथ तिचाच. मग खरं काय? १९८० च्या दशकात जॉन बेंटन यांना माद्रिदच्या हस्तलिखितात त्रोताच्या नावाचं वेगळंच उपचारपुस्तक मिळालं. मोनिका ग्रीन यांनी पुढे शेकडो हस्तलिखितं पडताळून दाखवलं, की 'त्रोतुला' हा एक ग्रंथच नव्हे. तीन वेगवेगळ्या लेखकांच्या पुस्तिकांची ती मोट आहे, त्यांतल्या एकीचाच त्रोताशी संबंध, आणि उरलेल्या दोन बहुधा पुरुषांच्या.

म्हणजे बाई अर्ध्या बरोबर, पुरुष विद्वान अर्धे बरोबर. बाईंनी त्रोताला नसलेला ग्रंथ बहाल केला, विद्वानांनी तिचं स्त्री असणंच काढून घेतलं. यांतली कोणती चूक अधिक 'हेतुपुरस्सर' म्हणायची? आणि पुन्हा पाहा, जे खरं हाती राहिलं ते किती जिवंत आहे. त्या एका पुस्तिकेत एक प्रसंग आहे. एका मुलीच्या पोटात वारा धरला होता; अंतर्गळ समजून तिला चिरायची तयारी झाली होती. त्रोताला बोलावणं गेलं. ती चकित झाली, मुलीला स्वतःच्या घरी घेऊन आली, दुखणं ओळखलं, पाल्याच्या काढ्यात बसवून शेक दिला, अंग चोळलं, मुळ्याचा रस आणि जवाच्या पिठाचा लेप लावला. सुरी टळली. या प्रसंगात त्रोताला बोलावतात ते जाणकार गुरू म्हणून. विद्यापीठातलं आसन, पदव्या, शिष्यपरंपरा, जे जे बाईंनी तिला देऊ केलं त्याची तिला गरजच नव्हती.

पुरुषांच्या इतिहासातल्या 'जनकां'चं काय? हिपोक्रेटिसच्या नावावर साठेक ग्रंथ आहेत आणि त्यांतला एकही नक्की त्याचा आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही. तरी तो वैद्यकाचा जनक, आणि त्यावरून कोणी पुरुषांचा इतिहास म्हणजे थापा असं म्हणत नाही. आपल्याकडे प्लॅस्टिक सर्जरीचा जनक म्हणून सुश्रुताचं नाव घेतलं की सभा संपते. सुश्रुतसंहितेत नाकाच्या शस्त्रक्रियेचं वर्णन आहे, निःसंशय आहे. पण ज्या बातमीने युरोपातल्या शल्यविशारदांना जागं केलं, ती १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापली गेली, आणि ती होती पुण्याची. टिपूच्या कैदेत नाक गमावलेला कावसजी नावाचा इंग्रजी फौजेतला बैलगाडीवाला, आणि कपाळाची कातडी उतरवून त्याला नवं नाक बसवणारा पुण्याजवळचा एक विटा घडवणाऱ्या जातीचा कारागीर. कारागिराचं नावही बातमीत नाही. दोन हजार वर्षं ही विद्या ज्या हातांनी सांभाळली त्यांची आठवण आपल्याला 'जनक' या शब्दाने होते की विसर पडतो? 'पहिला' आणि 'पहिली' यांची खोड एकच आहे. ती टोकावरचा एक माणूस उजळते आणि त्याच्यामागची रांग अंधारात ढकलते.

हर्ड-मीड यांच्या पुस्तकाचा भक्कम भाग या रांगेबद्दल आहे, आणि दोन्ही तटांचं दुर्लक्ष झालं आहे ते नेमकं त्याच्याकडे. १३२१ साली नेपल्सच्या राज्यात सालेर्नोच्या फ्रान्चेस्का नावाच्या विवाहितेला शस्त्रक्रिया करण्याचा सरकारी परवाना मिळाला. तिथे असे परवाने आणखीही बायकांना दिले गेले आहेत. त्याच्या पुढच्याच वर्षी, १३२२ साली, पॅरिसमध्ये विद्यापीठाच्या वैद्यकशाखेने जाकोबा फेलिसी या बाईवर विनापरवाना वैद्यकी केल्याचा खटला चालवला. साक्षीदार एकामागून एक येऊन सांगत होते, की मोठमोठ्या पदवीधरांनी हात टेकले तेव्हा हिने बरं केलं. ती रोग्यांना बरं करते की नाही, हा न्यायालयापुढचा प्रश्नच नव्हता. विद्यापीठात शिकली आहे का, हा होता. आणि विद्यापीठात बाईला प्रवेश नव्हता. शिक्षा झाली. एकाच वर्षाच्या अंतराने युरोपच्या दोन टोकांना बाईच्या हातात परवानाही आहे आणि बेडीही. यावरून एवढं तरी दिसतं, की दार निसर्गाने बंद केलेलं नव्हतं. ते माणसांनी, ठरावीक तारखांना, नियम करून लावून घेतलं. पाचशे वर्षांनी इंग्लंडमध्ये हीच तऱ्हा. परदेशी पदवीच्या जोरावर एलिझाबेथ ब्लॅकवेल १८५९ मध्ये ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीत आल्या, आणि ती फट बुजवण्यात आली. एलिझाबेथ गॅरेट १८६५ साली औषधविक्रेत्यांच्या संस्थेची परीक्षा देऊन डॉक्टर झाल्या, आणि त्या संस्थेने नियम बदलला. प्रत्येक 'पहिली'नंतर कडी सरकवल्याचा आवाज ऐकू येतो. मग 'पहिली' हा बायकांच्या प्रगतीचा टप्पा मानायचा, की त्यांना किती काळ अडवून धरलं त्याची नोंद?

या नजरेने आपल्याकडचा लाडका वाद पाहावा: आनंदीबाई की कादंबिनी? मराठी माणूस म्हणतो, ११ मार्च १८८६, फिलाडेल्फिया, विषय संपला. बंगाली माणूस म्हणतो, जोशीबाईंनी कोणाला तपासलं? कादंबिनी गांगुली त्याच वर्षी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून बाहेर पडल्या आणि त्यांनी आयुष्यभर व्यवसाय केला. यावर तिसरा रखमाबाईंना पुढे करतो, कारण त्यांनी १८९४ नंतर सुरत-राजकोटला दीर्घकाळ काम केलं. मग 'पदवी घेणारी पहिली', 'व्यवसाय करणारी पहिली', 'भारतात शिकलेली पहिली' अशा पोटजाती पडतात. आनंदीबाई कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात रुजू होऊ शकल्या नाहीत, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, हे बंगाल्यांचं म्हणणं खरंच आहे. त्यांच्याबद्दलचा आपला उमाळा त्यांच्या मृत्यूवर बराचसा पोसलेला आहे, हेही मान्य करायला हरकत नाही. पण मग कादंबिनींच्या बाजूने तरी काय शिल्लक राहतं? त्यांना एका विषयात नापास करून एम.बी.पासून वंचित ठेवलं गेलं, खालची पदवी देऊन वाटेला लावलं गेलं, मुलंबाळं मागे ठेवून ब्रिटनला जाऊन त्यांना नव्या पदव्या आणाव्या लागल्या, आणि एका सनातनी पत्राने त्यांच्या चारित्र्यावर चिखलफेक केली तेव्हा कोर्टात जाऊन संपादकाला तुरुंगात पाठवावं लागलं. हा सगळा संघर्ष 'पहिली' या एका विशेषणात कोंबला की त्यातलं नापास करणारं मंडळ दिसेनासं होतं.

आणि जी कोणाचीच पहिली नाही तिचं काय करायचं? हैमवती सेन ही बालविधवा. कलकत्त्याच्या कॅम्बेल मेडिकल स्कूलमध्ये शिकली, ते देशी भाषेतून आणि कनिष्ठ दर्जाचं समजलं जाणारं शिक्षण. अंतिम परीक्षेत ती मुलांच्या पुढे गेली, तेव्हा सुवर्णपदक तिला मिळू नये म्हणून मुलांनी दंगा मांडला आणि तिची बोळवण रौप्यपदकावर झाली. पुढे तिने हुगळी जिल्ह्यात चुंचुड्याच्या बायकांच्या इस्पितळात वर्षानुवर्षं काम केलं. तिने बंगालीत आत्मकथन लिहून ठेवलं म्हणून ती आपल्याला ठाऊक, नाहीतर कोणत्याच यादीत ती बसत नाही. तिच्यासारख्या, वरच्या पदवीविना जिल्ह्याच्या गावांत बाळंतपणं आणि ताप बघणाऱ्या किती जणी मुंबई इलाख्यात असतील? त्यांचे पगारपत्रक, इस्पितळांचे वार्षिक अहवाल, नगरपालिकांचे ठराव कुठल्या तरी दप्तरात पडून असतील. आनंदी-कादंबिनीच्या वादात जेवढी शाई गेली, तिच्या दशांशाने हे काम पुढे सरकलं असतं.

मुलींना आदर्श लागतात, हा आक्षेप मी ऐकून आहे. लागतात. पण आनंदीबाईंची गोष्ट आपण ज्या रीतीने सांगतो तिच्यातून पंधरा वर्षांची मुलगी काय उचलते? डॉक्टर व्हायचं तर असामान्य असावं लागतं, समुद्र ओलांडावा लागतो आणि बाविशीच्या आत मरावं लागतं. ज्या कॉलेजाने त्यांना घेतलं ते १८५० साली काही बायकांसाठी काही माणसांनी उभं केलं होतं, आणि १८५१ साली तिथून आठ जणी डॉक्टर होऊन निघाल्या होत्या. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कारपेंटर या अनोळखी बाईने एक पत्र वाचून त्यांना घर दिलं. डीन रेचेल बॉडली त्यांच्या पाठीशी होत्या. मुंबईत तोवर एडिथ पेची कामा हॉस्पिटलसाठी येऊन दाखल झाल्या होत्या. त्याच पेची, ज्यांची एडिंबरोत रसायनशास्त्रातली शिष्यवृत्ती मुलगी म्हणून हिरावून घेतली गेली होती. संस्था, वसतिगृह, शिष्यवृत्ती, पाठीशी उभी राहणारी चार माणसं: या गोष्टी मागता येतात, उभारता येतात. असामान्यत्व मागून मिळत नाही.

शेवटी आनंदीबाईंच्या बाबतीत एक गोष्ट सांगायची राहते, आणि ती आपण उत्सवांच्या गडबडीत फारशी सांगत नाही. एम.डी.साठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधली प्रसूतिविद्या. परदेशात नवं शास्त्र शिकत असलेली वीस वर्षांची मुलगी आपल्या आधी या देशात बाळंतपणाबद्दल काय लिहिलं गेलं होतं, हे जुने ग्रंथ उलगडून मांडत होती. त्यातली सगळी विधानं आज टिकणार नाहीत. हर्ड-मीड यांची जशी टिकली नाहीत. प्रबंध उपलब्ध आहे. त्याची जुन्या ग्रंथांशी ओळ न् ओळ ताडून पाहिलेली, टीपा दिलेली, चुका उघड दाखवणारी एखादी मराठी आवृत्ती कोणा वैद्यक आणि संस्कृत दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकाने काढली, तर पुढच्या आठ मार्चला फिरवायला आपल्याकडे काहीतरी असेल.